तेल लावून यायचं

चमकीचा फुगा कसा करतात ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं भांडण हवेतच राहील.

पारदर्शक रबरी फुगा घ्यायचा. त्यात चिमूटभर सोनेरी कागदाचे बारीक कपटे घालायचे आणि पंपाने फुगवायचा. कपटे जाऊन तळाशी बसतात, कपात चहाची पत्ती बसते तसे. त्यांना वर चढवायचं तर फुगा माणसाच्या डोक्यावर घासायचा. केस मात्र कोरडे पाहिजेत, म्हणजे रिठ्याने धुतलेले आणि दोन दिवस तेलाचा थेंब न लागलेले. दहा-बारा वेळा घासला की कपटे सरसर वर चढतात आणि फुग्याच्या पोटाला आतून चिकटून राहतात. उन्हात धरला तर डोळे दिपतात.

मुंबईला ही युक्ती कोणाला आधीपासून ठाऊक असेल तर असो. आमच्या तलासरी-डहाणूत ती सायवनच्या संगिताने आणली. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत ती पंधरा वर्षं फुगे विकते. एका साली तापातून उठून, न्हाऊन, बिनतेलाच्या डोक्याने बसली होती. फुगा केसांना घासला आणि आतला कचरा वर चढला. दुसरी कोणी असती तर हसून पुढचा फुगा फुगवला असता. संगिताने तोच फुगा चार वेळा घासून बघितला, मग दुसरा घेतला, मग शेजारणीच्या तेलकट वेणीवर घासला आणि तिसऱ्या मिनिटाला काय ते समजली.

माझं दुकान तलासरी नाक्यावर. फुगे, झिरमिळ्या, कागदी टोप्या, राख्या, वह्या, शिवाय तेल-फणी-रुमाल असलं किरकोळ. गिऱ्हाईक काय घेऊन गेलं त्यापेक्षा काय हातात धरून परत ठेवलं त्यावरून मला ते जास्त कळतं. डहाणूच्या हर्षदाबेन माझ्याकडे सगळंच हातात धरतात, त्याचा फोटो काढतात आणि परत ठेवतात. मग घरी जाऊन मोबाइलवरून मागवतात. पार्ट्यांच्या सजावटीचा धंदा आहे त्यांचा. हसून बोलतात, सगळ्यांना ‘डिअर’ म्हणतात. मीही त्यांचा डिअर आहे. सहा वर्षांत एक रिबीन घेतलेली नाही.

गेल्या डिसेंबरात डहाणूला नीलमबेनच्या मुलाचा वाढदिवस होता. हर्षदाबेननी संगिताला फुगे करायला नेलं. संगिताने केस मोकळे सोडून, सतरंजीवर बसून, शंभर फुगे डोक्यावर घासले. कमान अशी झाली की पोरं केक सोडून फुग्यांकडे गेली. संगिताने माझ्याकडून घेतलेले फुगे पोचवायला मी गेलो होतो, म्हणून बघितलं.

आता आपल्याकडे शुभकार्याला बाई बिनतेलाची, केस सोडून आली तर लोक काय विचारतात ते ठाऊक आहेच. नीलमबेननी तेच विचारलं. “ही कोण गं? हिच्या घरी कोणी गेलंय का? झिंज्या सोडून बसलीय माझ्या पोराच्या वाढदिवसाला!”

हर्षदाबेननी एवढंच म्हणायचं होतं की हे कामासाठी आहे. सहा शब्दसुद्धा लागले नसते. पण तसं म्हटलं तर फुगे संगिताचे ठरतात आणि फुगे हर्षदाबेनचे आहेत असं आधीच सांगून झालेलं होतं. म्हणून त्या हसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “अगं काय सांगू, उवा असतात यांच्या डोक्यात. शंभरदा सांगितलं तेल लाव, विंचर. ऐकतील तर ना!”

चार बायका हसल्या. दोघींनी आपला पदर सावरून घेतला. संगिताला उठवून पाण्याच्या टाकीमागे बसवलं आणि तिचं जेवण तिथेच पाठवलं. ती जेवली नाही. पत्रावळ झाकून ठेवली आणि हात धुतले.

दोन दिवसांनी हर्षदाबेनचा व्हिडिओ आला. ‘माझी खास कला’. त्यात फुगा होता, फुग्याखाली केस होते, केसांखालचं तोंड कापलेलं होतं. शेवटी हर्षदाबेन हात जोडून हसत होत्या.

संगिताने तो व्हिडिओ माझ्या दुकानात उभी राहून बघितला. दोनदा. मग म्हणाली, “शेठ, चोरी गेली ती गेली. फुगे मी अजून करीन. पन उवा? चार लोकांत बोलली ना ही? चार लोकांतच परत घ्यायला लावीन. तीच चार मानसं पायजे.”

“ती चार माणसं पुन्हा एकत्र कुठे मिळणार तुला?”

“मिळतील. श्रीमंत लोक एकमेकांच्याच घरी जेवतात.”

जानेवारीत तसंच झालं. बोर्डीला दीपेशभाईंची चिकूची वाडी आहे. त्यांची आई हिराबाई, त्यांची पंचाहत्तरी आली. नीलमबेन ही हिराबाईंची मुलगी, म्हणजे पाहुणे तेच. सजावट अर्थात हर्षदाबेनची, आणि हिराबाईंनी बजावून सांगितलेलं, “माझ्या नातवाला केलेले तसेच फुगे मला पायजे. चमचम करतात ते.”

हर्षदाबेनचा फोन आला तेव्हा संगिता माझ्या दुकानातच होती. कामात असली की ती फोन मोठ्या आवाजावर टाकून गल्ल्यावर ठेवते.

“संगिता डिअर, बोर्डीचं काम आहे. पण तू येऊ नकोस हं. त्या दिवशी तुझ्या केसांची फार चर्चा झाली. तू मला दोन बायका पाठव. डोक्यावर घासायचं एवढंच आहे ना? मी शिकवीन त्यांना.”

“बरं ताई. पन एक हाय, तेल—”

“तेच सांगत्येय! तेल लावून यायचं. चोपून. वेणी, गजरा, सगळं व्यवस्थित. झिंज्या सोडलेली एक बाई मला दिसता कामा नये. मोठ्या लोकांचं काम आहे.”

“ताई, आयका तर, फुग्याला—”

“पण-बिण काही नाही. तेल म्हणजे तेल.”

फोन बंद झाला. संगिताने सांगायला तोंड उघडलं होतं, याला मी साक्षीदार आहे. दोनदा उघडलं. तिसऱ्यांदा फोन लावता आला असता, तो तिने लावला नाही, यालाही मीच साक्षीदार.

हर्षदाबेननी व्हिडिओ काढताना हात बघितला, फुगा बघितला, डोकं बघितलं. डोक्यात काय नव्हतं ते मात्र बघायचं राहिलं.

संगिता गल्ल्याकडे वळली. “खोबरेल द्या, मोठी बाटली. आमच्या पाड्याच्या नवशीला आनि काळीला पाठवते, त्यांना लावायला. ताईंचा हुकूम हाय.”

“तेलाने रबर कुजतं,” मी म्हणालो. “चार तासांत फुटायला लागेल. ऊन चढलं तर त्याच्याही आधी.”

“तुम्हाला माहीत हाय, मला माहीत हाय.” तिने बाटली पिशवीत टाकली. “तुम्ही सांगनार ताईंना?”

मी सहा वर्षांचे फोटो आठवले. “मला कोणी विचारलेलं नाही.”

“मंग झालं. आनि एक बारीक फणी द्या. उवांची. आनि पांढरा रुमाल, मोठा.”

पार्टी रविवारी दुपारची होती. सकाळी सहालाच मी गाडी काढली. पंप, फुगे आणि चमकीचे डबे माझेच. मोबाइलवरून मागवलेला माल वेळेत आला नव्हता, म्हणून हर्षदाबेनना डिअरची आठवण झाली होती. नवशी आणि काळी मागे बसल्या. डोकी अशी चपचपीत की गाडीभर खोबऱ्याचा वास. नवशीने तर अबोलीचा गजराही माळला होता. एवढ्या मोठ्या वाडीत कामाला जायचं म्हणून खूश होती. पुढच्या सीटवर संगिता. तिने डोक्याला स्कार्फ घट्ट बांधला होता.

“तुला तर येऊ नको सांगितलंय,” मी म्हणालो.

“कामाला येऊ नको सांगितलंय. मी समुद्र बघायला चालली.”

“डोकं धुतलंयस.”

“परवा. रिठ्याने.”

नवशीला आणि काळीला तिने काहीही सांगितलेलं नव्हतं. हे मला वाटेत कळलं, कारण काळी विचारत होती, “बाय, आमाला जमंल ना गं फुगे करायला?” आणि संगिता खिडकीबाहेर बघत म्हणाली, “जमंल जमंल.”

वाडीत कमान बांधून तयार होती. नवशी-काळी सतरंजीवर बसल्या आणि फुगे घासू लागल्या. पाच वेळा, दहा वेळा, पन्नास वेळा. आतले कपटे तळाशी बसले ते बसलेच. हर्षदाबेनचा चेहरा उतरायला लागला होता. एवढ्यात बाहेर सांडलेली थोडी चमकी एका फुग्याला लागली आणि तेलकट रबरावर अशी बसली की फुगा सोन्याचा दिसायला लागला.

“वॉव!” हर्षदाबेन ओरडल्या. “बाहेरूनच लावा! हे तर आणखी भारी आहे. घासा नीट, तेल सगळीकडे लागू दे!”

डब्यावर डबे रिकामे झाले. साडेनऊपर्यंत दीडशे फुगे बाहेरून सोन्यासारखे लखलखत होते. मी पंप आवरता आवरता बघत होतो आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे, दिसत सुरेख होते. हर्षदाबेननी त्यांच्यापुढे उभं राहून नवा व्हिडिओही काढला. मला म्हणाल्या, “बघितलं ना डिअर? संगिता नव्हती म्हणून काही अडलं का?”

“छे,” मी म्हणालो.

पाहुणे अकराला आले. ऊन नारळीच्या शेंड्यांवरून खाली उतरलं आणि कमानीवर पडलं. हिराबाई पांढऱ्या रेशमी साडीत पाटावर बसल्या. पंचाहत्तर दिव्यांची ताटं घेऊन लेकी-सुना उभ्या राहिल्या, औक्षण सुरू झालं, आणि नीलमबेनचं ताट आईच्या कपाळापर्यंत आलं तेव्हा पहिला फुगा फुटला.

सगळे हसले. दुसरा फुटला तेव्हाही थोडे हसले. मग एकदम पाच गेले. फाट, फाट, फाट. चमकी उडाली आणि वाऱ्याबरोबर पसरली. हिराबाईंच्या भुवया सोनेरी झाल्या. श्रीखंडाच्या पातेल्याच्या झाकणावर थर बसला. दीपेशभाईंच्या टकलावर बसली ते त्यांना कोणी सांगितलं नाही.

“अरे दीकरा,” हिराबाई मुलाला म्हणाल्या, “मी पंचाहत्तरची झाली म्हणून बंदुकीची सलामी देतो काय?”

“आई, डोळे मीट! डोळ्यात जाईल!” नीलमबेन ओरडत होत्या. दिवे कसेबसे बाजूला नेले. एका सोफ्यावरचे पाहुणे सरबताचे पेले घेऊन पळाले. फुगे थांबायचं नाव घेत नव्हते. मध्येच दोन मिनिटं शांतता, लोक परत बसायला लागतात न लागतात तोच पुढचा.

हर्षदाबेननी माणूस शोधला. असा माणूस पटकन सापडतो. “काय केलंस तू? नखं लावलीस? सांग ना! काहीतरी लावलंय यांनी, जंगली कुठल्या! कामाची अक्कल नाही आणि गजरे घालून आल्यात!”

नवशी उभी राहिली. तिच्या कपाळावर तेल आलं होतं, त्याला चमकी चिकटली होती. सगळे पाहुणे तिच्याकडे बघत होते. “बाय, तुम्ही सांगला तसाच केला,” ती म्हणाली. तिचा आवाज कोणापर्यंत पोचला नाही. तिने गजरा काढला आणि मुठीत धरला.

“त्या दिवशीचे असे फुटत नव्हते,” हिराबाई डोळे पुसत म्हणाल्या. “ते कोणी केले होते?”

हर्षदाबेन उरलेले फुगे मोजायला लागल्या. मग नीलमबेनचा मुलगा म्हणाला, “ती केसवाली मावशी! ती बाहेर गाडीत बसलीय, मी बघितली.”

हर्षदाबेन फाटकापर्यंत धावत आल्या. त्यांच्या मागे दीपेशभाई आणि दीपेशभाईंच्या मागे अर्धी पार्टी. संगिताने स्कार्फ सोडला होता. केस खांद्यावर पसरलेले, कोरडे, वाऱ्याने उडणारे.

“संगिता, चल ना गं. फक्त वीस कर. आईंसाठी.”

“मी कशी येऊ ताई? माझ्या डोक्यात उवा हायेत.”

“अगं ते मी… बोलून गेले गं. असं काय मनाला लावून घ्यायचं?”

“बोललात चार लोकांत.” संगिता गाडीतून उतरली. तिने पिशवीतून पांढरा रुमाल काढला, फाटकाच्या आत आंब्याखाली अंथरला, आणि त्याच्यापुढे पाठ करून बसली. फणी खांद्यावरून मागे धरली. “आता बघा. चार लोकांतच बघा. सापडली तर मी पाया पडून जाते, परत तोंड दाखवनार नाय.”

“हे काय वेडेपण आहे? चिमणशेठ, सांगा ना तिला!”

हर्षदाबेननी माझ्याकडून सल्ला मागितलेली ही पहिली वेळ. मी म्हणालो, “मला यातलं काय कळतं? मी फुगेवाला.”

तिकडे आणखी तीन फुटले. दीपेशभाई म्हणाले, “हर्षदाबेन, जे करायचंय ते लवकर करा. गुरुजी थांबलेत.”

आणि हर्षदाबेन बसल्या. मोतिया रंगाची सिल्कची साडी आवरून, मातीत, संगिताच्या मागे. त्यांनी फणी केसांत घातली आणि ओढली. रुमालावर काही पडलं नाही.

“वरवर नको ताई. कानामागे बघा. मानेजवळ बघा. तिथंच असतात.”

हर्षदाबेननी कानामागे बघितलं. मानेजवळ बघितलं. एकेक बट उचलून, उजेडाकडे धरून बघितली. नीलमबेन तोंडाला रुमाल लावून उभ्या होत्या. त्या दिवशी हसलेल्या चौघीही होत्या. मी मोजल्या. हिराबाई चष्मा लावून पुढे आल्या आणि वाकून स्वतःच बघायला लागल्या.

“सापडली काय?”

“नाही,” हर्षदाबेन म्हणाल्या.

“मोठ्याने बोल बेन, मला कमी ऐकायला येते.”

“नाही! नाहीत उवा!”

“मग त्या दिवशी नीलमच्या घरी का बोलली तू?”

हर्षदाबेन फणी पुसायला लागल्या, तेव्हा संगिताने दुसरा प्रश्न विचारला. “आनि फुगे कोनाचे, ताई?”

हर्षदाबेनच्या नाकाच्या शेंड्यावर चमकीचा एक कण होता. त्या बोलल्या तेव्हा तो हलला. “संगिताचे.”

“व्हिडिओत?”

“संगिताचे! सगळे संगिताचे. झालं?”

संगिता उठली. रुमाल झटकला, उलटासुलटा करून सगळ्यांना दाखवला, नीलमबेनसमोर जरा जास्त वेळ धरला, आणि घडी करून पिशवीत ठेवला. मग सतरंजीवर बसून तिने पंचवीस फुगे केले. हर्षदाबेन एकेक फुगा तिच्या हातात देत होत्या आणि संगिता प्रत्येक फुगा घेण्याआधी विचारत होती, “हात धुतला ना ताई? साबनाने?” पंचवीस वेळा विचारलं. चमकी चढली, चिकटली, आणि हिराबाई दोन फुगे दोन हातांत धरून लहान मुलीसारख्या बसल्या. पुन्हा औक्षण झालं. संगिताला पहिल्या पंगतीत, हिराबाईंच्या शेजारी जेवायला बसवलं. त्या दिवशी ती दोनदा श्रीखंड घेऊन जेवली.

नवशी जेवली नाही. ती गाडीत जाऊन बसली होती.

परतताना संगिता पुढे बसून बोलत होती. कशी बसली मातीत, साडी कशी खराब झाली, नीलमबेनचं तोंड कसं झालं. काळी हसत होती. मीही हसत होतो. नवशीचा आवाज येत नव्हता, म्हणून मी आरशात बघितलं. नवशी कपाळावरची चमकी पदराने पुसत होती. ती जात नव्हती.

“तुला माहीत होतं,” नवशी म्हणाली.

संगिता थांबली. “काय?”

“तेलाने फुटतात ते. तूच बाटली दिली मना. मी तुला विचारला, एवढा लावू का, तर बोलली लाव. मी गजरा माळला तर बोलली छान दिसते.”

“अगं, तिला धडा शिकवायचा होता ना! तुला नाय कोनी—”

“मना जंगली बोलली. पन्नास मानसांपुढे. तुना उवावाली बोलली तेव्हा चार होती.”

संगिता म्हणाली, “तुना सांगितला असता तर तुझ्या तोंडावर दिसला असता. तुना खोटा जमत नाय.”

“म्हनून माझा डोका वापरला.”

“चुकला माझा. बस?”

“गाडीत बोलतेस. गाडीत कोन हाय?”

तलासरी नाका आला होता. रविवारचा बाजार उठत होता. उधव्याच्या आणि सायवनच्या जीपगाड्यांपाशी संगिताच्याच पाड्यावरची वीस-पंचवीस माणसं पोती आणि कोंबड्या घेऊन उभी होती. नवशीने दाराच्या कडीला हात घातला.

“इथं थांबवा शेठ. उतर संगिता. ह्यांच्यापुढे सांग. फुगे नवशीने नाय फोडले, मी फोडले, तिला न सांगता.”

“नवशी, पाड्याची मानसं हायेत ती. उद्या सगळीकडे—”

“हर्षदाताईंपुढची मानसं पन तिच्या पाड्याचीच होती.”

संगिताने समोरच्या काचेतून त्या माणसांकडे बघितलं. मग तिने मोकळे केस दोन्ही हातांनी मागे घेतले, अंबाडा बांधला, आणि खाली उतरली.

मी इंजिन बंद केलं. लोकांना नीट ऐकू यायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ऐकायचं होतं.

नवशी माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

“शेठ, तुम्हाला पन माहीत होता ना?”

मी आरसा सरळ केला. दुकानासमोर माझी रोजची गिऱ्हाइकं उभी होती.

“मंग तुम्ही काय बसलात?” तिने दार उघडून धरलं. “उतरा.”

मी उतरलो.